ठासणीची बंदूक स्वस्त चालेल, बार मात्र जुळलेला हवा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "मी ओहायोत कोलंबसजवळ डब्लिनला राहतो, एच-१बी व्हिसावर आहे. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या घरची शेती आहे आणि जानेवारीतल्या मझललोडर (ठासणीच्या बंदुकीच्या) सीझनला तो मला हरणाच्या शिकारीला बोलावतो आहे. बंदूक, दारू, गोळ्या सगळं ५०० डॉलरच्या आत बसवायचं आहे. दुकानातला विक्रेता म्हणतो, 'तीन पेलेट (दारूच्या तयार वड्या) टाक, १५० ग्रेन, मग काळजी नाही.' आमच्या आजोबांकडे सावंतवाडीला केपाची बंदूक होती, एवढीच माझी या विषयाशी ओळख. कुठली बंदूक घेऊ, कुठली दारू, कुठली गोळी? व्हिसाची अडचण येईल का? आणि पुढे ही बंदूक गावी नेता येईल का? रानडुकरं तिकडे भात हाती लागू देत नाहीत."

नमस्कार.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. .५० कॅलिबरची (म्हणजे नळीचं भोक अर्ध्या इंचाचं), मधून मोडणारी, म्हणजे बिजागरीवर दुमडून उघडणारी, इनलाइन बंदूक घ्या, जिच्या नळीतले आटे, म्हणजे आतल्या पेचदार खाचा, २८ इंचांत एक फेरा घेतात. तिच्यात ट्रिपल सेव्हन या नावाची सुटी दारू, ८० ग्रेनपासून (ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग) सुरुवात करून फार तर १०० ग्रेन. त्यावर प्लॅस्टिकच्या सॅबोतली, म्हणजे गोळीभोवतीच्या कपातली, २४० ते ३०० ग्रेनची गोळी. पहिल्या वर्षी १०० यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही. तीन पेलेटचा सल्ला विसरा. तो का चुकीचा, हे दारूच्या भागात येईलच.

तुमचा व्हिसा पाहता बंदुकीआधी कायद्याचं बोलू. फेडरल कायद्यानुसार एच-१बीसारख्या नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. तिला जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या राज्याने दिलेला, मुदतीतला शिकार परवाना. दुसरी गोष्ट अशी की काळ्या दारूवर किंवा तिच्या पर्यायावर चालणारी आणि काडतूस घेऊच न शकणारी ठासणीची बंदूक १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टच्या व्याख्येत 'अँटीक' ठरते, 'फायरआर्म' नाही. म्हणून ती अनेक राज्यांत पार्श्वभूमी तपासणीशिवाय मिळते, कित्येकदा थेट घरपोच येते. पण एक मेख आहे. ज्या बंदुकीची नळी किंवा ब्रीच (नळीमागचा भाग) बदलून तीच काडतुसावर चालवता येते, ती या सवलतीत बसत नाही. थॉम्पसन सेंटरची एन्कोर, न्यू इंग्लंड फायरआर्म्सची हंट्समन, रॉसीची .५० ठासणीची रायफल, मॉसबर्ग ५०० किंवा रेमिंग्टन ८७० शॉटगनला ठासणीची नळी बसवलेली जोडी, या सगळ्या कायद्याने पूर्ण 'फायरआर्म' आहेत. वापरलेल्या मालात अशी एखादी स्वस्तात दिसली, तरी तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका.

आमचा सल्ला असा: बंदूक साधी 'अँटीक' व्याख्येत बसणारीच घ्या, आणि तीही शिकार परवाना हातात आल्यावर. एका कागदावर न विसंबता दोन्ही बाजू पक्क्या राहतात. खरेदीआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाका. उद्या नोकरी बदलून इलिनॉय किंवा न्यू जर्सीला गेलात, तर तिथे ठासणीच्या बंदुकीलाही राज्याचं ओळखपत्र लागतं, हे आत्ताच लक्षात असू द्या.

ओहायोत पहिला परवाना काढायला हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केलेला लागतो. तो राहिला असेल तर अप्रेंटिस (शिकाऊ) परवाना मिळतो, पण मग २१ किंवा त्याहून जास्त वयाचा परवानाधारक शिकारी सतत सोबत हवा. तुमचा सहकारी सोबत असणारच आहे, तरीही कोर्स करा. हरणाचं परमिट वेगळं काढावं लागतं. शेत मित्राचं असलं तरी जमीनमालकाची लेखी परवानगी खिशात पाहिजे, तोंडी चालत नाही. भडक नारिंगी जाकीट सक्तीचं आहे, आणि बंदूक .३८ किंवा त्याहून मोठ्या कॅलिबरची हवी. सीझन जानेवारीच्या सुरुवातीला जेमतेम चार दिवसांचा असतो, म्हणून तयारी ऑक्टोबरपासून हवी.

आता बंदूक. तुमच्या आजोबांच्या केपाच्या बंदुकीत ठिणगी बाजूने येऊन वळसा घेत दारूपर्यंत जायची. इनलाइनमध्ये प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, दारूच्या बरोबर मागे, सरळ रेषेत बसतो. म्हणून ओल्या थंडीतही बार फुसका जाण्याची शक्यता कमी. तुमच्या पैशांत नवी घ्यायची तर दोन नावं पुरेत: सीव्हीएची वुल्फ आणि ट्रॅडिशन्सची बकस्टॉकर. दोन्ही मधून मोडतात, दोन्हींची नळी २४ इंचांची, आटे २८ इंचांत एक फेऱ्याचे. दोन्हींचा ब्रीच प्लग, म्हणजे नळीचं मागचं बूच, झटपट निघतो. वुल्फचा तर हातानेच फिरवून. दोन्ही साधारण २५० ते ३०० डॉलरच्या आसपास मिळतात. शंभर डॉलर आणखी घातले की सीव्हीएची ऑप्टिमा येते, नळी २६ इंचांची. बंदूक म्हणून ती सरस आहे यात वाद नाही. पण तुमच्या ५०० मध्ये ती घेतलीत तर सरावाच्या दारूला पैसे उरणार नाहीत, आणि वीस बार झालेली ऑप्टिमा साठ बार झालेल्या वुल्फपुढे कमीच पडते. वुल्फ घ्या.

एका गोष्टीवर मात्र जास्तीचे पन्नासेक डॉलर घालण्याची आमची शिफारस आहे: त्याच मॉडेलमध्ये स्टेनलेस नळी मिळाली तर ती घ्या. या दारूचा मळ लोखंड खातो. काळ्या पॉलिशची नळी शिकारीच्या रात्री दमून तशीच ठेवली, तर सकाळी ठासायच्या गजावरची चिंधी तांबूस निघते. स्टेनलेसही गंजतं, पण तुमची एखादी चूक पोटात घालतं.

दिसायला सुंदर म्हणून चकमकीची किंवा केपाची, लाकडी दस्त्याची जुन्या धाटणीची बंदूक घ्यावीशी वाटेल. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा सीझन फक्त चकमकीच्या बंदुकीचाच असतो, तिथे ती घ्यावीच लागते. ओहायोत ती अट नाही. त्यातल्या पुष्कळ बंदुकींचे आटे ४८ किंवा ६६ इंचांत एक फेरा घेणारे असतात. हा सावकाश पेच चिंधीत गुंडाळलेल्या गोल शिसगोळीसाठी असतो. त्यातून सॅबो टाकलात तर लांबट गोळीला पुरेशी फिरकी मिळत नाही आणि ती हवेत डोलत जाते. उलट २८ च्या नळीत गोल गोळी भरपूर दारूवर टाकली तर ती आट्यांवरून घसरते. नळीवर कोरलेला हा आकडा आधी वाचायचा, मग गोळीचं पाकीट उचलायचं.

वापरलेली घ्यायची असेल तर दोनच कसोट्या. पहिली, विकणाऱ्याने तुमच्यासमोर ब्रीच प्लग काढून दाखवावा. निघत नसेल तर तो जळून स्वतःच्याच आट्यांत घट्ट बसला आहे; किंमत काहीही असो, परत फिरा. दुसरी, प्लग काढल्यावर नळीतून उजेडाकडे पाहा आणि कोरडी चिंधी फिरवा. मागच्या चारपाच इंचांत खड्डे दिसले किंवा चिंधी अडकत गेली, तर सॅबो तिथे प्रत्येक वेळी वेगळा बसेल आणि नेम कधीच लागणार नाही. आणखी एक: सीव्हीएने १९९५ आणि १९९६ साली बनवलेल्या काही इनलाइन बंदुका १९९७ मध्ये परत मागवल्या होत्या. त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी ९५ किंवा ९६ असतं. गॅरेज सेलमध्ये त्या अजून निघतात. असा क्रमांक दिसला तर ती बंदूक वाजवायची नाही, फुकट मिळाली तरी.

दारूकडे येऊ, कारण खरे घोटाळे इथेच होतात. पहिला नियम जीवाचा आहे: काडतुसात भरतात ती बिनधुराची दारू, म्हणजे स्मोकलेस पावडर, या बंदुकीत चिमूटभरही घालायची नाही. तिचा दाब काळ्या दारूच्या कितीतरी पट चढतो आणि नळी किंवा ब्रीच फुटतो, तोही तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर. स्मोकलेससाठी खास बनवलेल्या मोजक्या, महागड्या बंदुका आहेत. वुल्फ त्यांतली नाही. डबीवर 'काळ्या दारूचा पर्याय' असं स्पष्ट छापलेलं नसेल तर ती उघडूच नका, आणि कुणी दुसऱ्या डबीत काढून दिलेली दारू घेऊ नका.

अस्सल काळी दारू कायद्याने स्फोटक गणली जाते, त्यामुळे फार थोडी दुकानं ठेवतात. हाताशी येतील ते तीन पर्याय. पायरोडेक्स सर्वांत स्वस्त, पेटायला बरी, पण तिच्या मळाने नळी लवकर गंजते. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, साध्या पाण्याने धुऊन निघते, आणि मापाला माप घेतलं तर काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जोर जास्त देते. ब्लॅकहॉर्न २०९ सर्वांत स्वच्छ. बार लागोपाठ टाकले तरी नळी फारशी पुसावी लागत नाही. पण तिची १० औंसांची बाटलीही महाग असते, ती पेटायला पूर्ण ताकदीचा शॉटगनचा २०९ प्रायमर लागतो, आणि सीव्हीएच्या साध्या प्लगऐवजी ब्लॅकहॉर्नसाठी वेगळा मिळणारा प्लग घ्यावा लागतो. तुमच्या पैशांत ट्रिपल सेव्हन, डबल एफ या जाडीच्या दाण्याची, एक पौंडाची डबी. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे शंभराच्या मापाने सत्तर बार सहज होतात.

वड्या, म्हणजे पेलेट, सोयीच्या असतात हे खरं. ५० ग्रेनच्या दोन वड्या सोडल्या की झालं. पण शंभर वड्यांच्या डब्यात बार पन्नासच, आणि माप पन्नासाच्या टप्प्यानेच बदलतं. तुमच्या बंदुकीला ८५ ग्रेन आवडत असतील तर वडीला ते जमणार नाही. आता तो १५० ग्रेनचा सल्ला. वुल्फच्या पुस्तिकेत तीन वड्यांची परवानगी दिसेल, पण ट्रिपल सेव्हनची बनवणारी कंपनी स्वतःच ५० ग्रेनच्या दोन वड्यांवर जाऊ नका म्हणते. बंदुकीची आणि दारूची मर्यादा वेगळी असेल तेव्हा लहान आकडा पाळायचा. शिवाय २४ इंचांच्या नळीत तिसऱ्या वडीचा बराच भाग गोळी निघून गेल्यावर जळतो. खांद्याला धक्का वाढतो, मळ वाढतो, गोळ्या विखुरतात, हरणापर्यंत पोचणारा वेग थोडाच वाढतो.

'ग्रेन' या शब्दाने नवखे फसतात. गोळीचे ग्रेन वजनाचे असतात, दारूचे ग्रेन मापाचे. दारूचं नळकांड्याचं माप काळ्या दारूवर बेतलेलं असतं, आणि पर्यायी दारू त्याच मापाने घ्यायची. स्वयंपाकघरातल्या किंवा सोनाराच्या काट्यावर १०० ग्रेन तोलून घातलेत तर बार नको तेवढा भारी होईल. ब्लॅकहॉर्नचं उदाहरण घ्या: मापाचे १०० ग्रेन म्हणजे वजनाचे फक्त ७०.

प्रायमरचा प्रश्न बारीक वाटतो, पण ट्रिपल सेव्हनशी त्याचं नातं आहे. शॉटगनचा कडक २०९ प्रायमर वापरला की गोळी जिथे बसते तिथेच नळीत टणक काजळीचं कडं तयार होतं. पुढचा सॅबो त्या कड्यावर अडतो, माणसाला वाटतं गोळी टेकली, आणि प्रत्यक्षात दारू व गोळी यांच्यात पोकळी राहते. अशा पोकळीने नळी फुगते. म्हणून ट्रिपल सेव्हनसाठी मुद्दाम बनवलेले विंचेस्टरचे सौम्य २०९ प्रायमर घ्या, आणि दर बारानंतर ओलसर चिंधी एकदा, कोरडी एकदा. ब्लॅकहॉर्न घेतलीत तर मात्र नेमकं उलट: सौम्य प्रायमरने ती नीट पेटत नाही, सीसीआय २०९एम किंवा फेडरल २०९ए लागतो.

गोळी. दुकानात पंधरावीस गोळ्यांची रंगीत पाकिटं दिसतील. पॉवरबेल्ट नावाची गोळी सहज ठासली जाते, म्हणून नवख्यांना आवडते, पण तिचं मऊ शिसं जास्त वेगात हाडावर लवकर चुरतं. घेतलीच तर ८० ते ९० ग्रेन दारूवर थांबा. स्वस्तातला पक्का मार्ग वेगळा आहे. .४५२ व्यासाच्या पिस्तुलाच्या गोळ्या, हॉर्नडी एक्सटीपी, २४० किंवा ३०० ग्रेनच्या, डब्याने घ्यायच्या आणि .५० नळीत .४५ गोळी बसवणारे हार्वेस्टरचे क्रश रिब सॅबो वेगळे घ्यायचे. तयार पाकिटापेक्षा एका बाराचा खर्च बराच खाली येतो. क्रश रिबच्या अंगावर बारीक धारा असतात, त्या ठासताना दबतात. थंडीत कडक झालेलं प्लॅस्टिकही त्यामुळे नळीत जातं. सॅबो दोन्ही हातांनी रेटूनही जात नसेल तर तो या नळीसाठी घट्ट आहे. हातोडीने ठोकू नका, दुसऱ्या मापाचा आणा. आणि गजाच्या वजनानेच घसरत गेला तर सैल आहे. चालताना नळी खाली झाली की गोळी पुढे सरकेल.

मांस घरी लहान मुलं खाणार असतील तर तांब्याची गोळी घ्या, उदाहरणार्थ बार्न्सची २५० ग्रेनची. सराव एक्सटीपीवर करून शिकारीला बार्न्स भरायची असेल, तर शेवटचे पाचसहा बार तिचेच टाकून नेम तपासा. दोन गोळ्या एकाच जागी लागतील हे गृहीत धरू नका. शिशाची गोळी वापरलीत तर जखमेभोवतीचं मांस वीतभर सोडून द्या. शिशाचे कण डोळ्यांना दिसतात त्याहून दूर उडालेले असतात.

हिशेब असा बसेल. बंदूक २७०-३००. दारू ४० च्या आसपास, प्रायमर १५, गोळ्या आणि सॅबो मिळून ५०. माप, शॉर्ट स्टार्टर (गोळी नळीत ढकलायचा आखूड दांडा), गजाला बसणारा जॅग (चिंधी धरणारं टोक), चिंध्या, ब्रीच प्लगचं ग्रीस, या सगळ्याला ४०-५०. उरलेल्यात परवाना, परमिट, नारिंगी जाकीट आणि रेंजची (नेमाच्या सरावाच्या जागेची) फी. दुकानागणिक आकडे बदलतील, पण दुर्बिणीला जागा उरत नाही, आणि ती पहिल्या वर्षी नसली तरी चालतं. शंभर डॉलरच्या खालची दुर्बीण या धक्क्याने हलते आणि मग चूक कुणाची हे शोधण्यात दारू संपते. बंदुकीवर येणाऱ्या चमकत्या साइट (नेम धरायच्या खुणा) ६०-७० यार्डांपर्यंत उत्तम आहेत, आणि ओहायोच्या झाडीत बहुतेक हरणं त्याच टप्प्यात दिसतात. चिंध्या मात्र घरच्या जुन्या सुती बनियनच्या कापून घ्या, विकत घ्यायची गरज नाही.

बार भरण्याचा क्रम एकदा बसवला की तो कधीच मोडायचा नाही. रिकाम्या नळीत गज सोडा आणि तोंडापाशी गजावर पक्क्या शाईची खूण करा: ही 'रिकामी'ची खूण. नळीतलं तेल पुसून, नळी सुरक्षित दिशेला धरून नुसता एक प्रायमर वाजवा, म्हणजे प्लगच्या भोकातलं तेल जळून जाईल. पहिलाच बार फुसका जाण्याचं सर्वांत सामान्य कारण हेच तेल असतं. वाजलेला प्रायमर काढा. दारू डबीतून मापात आणि मापातून नळीत घाला, डबीतून थेट नळीत कधीही नाही. आत एखादा निखारा जिवंत असेल तर डबी हातात पेटेल. नळी तळहाताने दोनदा थोपटा. गोळी स्टार्टरने आत ढकला, मग गज तोंडाजवळ पकडून वीत-वीतभर, एका दमात नेल्यासारखी खाली न्या. लांब धरून जोर लावला की गज मोडतो आणि त्याचं टोक हातात घुसतं. गोळी दारूवर घट्ट टेकवा, पण ट्रिपल सेव्हनला चेचून दाबू नका. आता गजावर दुसरी खूण: ही 'भरलेली'ची. पुढच्या प्रत्येक बाराला गज याच खुणेवर आला पाहिजे. वर राहिला तर पोकळी किंवा दुहेरी दारू, खाली गेला तर दारू घालायची राहिली. या दोन खुणा म्हणजे या बंदुकीतलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचं साधन. प्रायमर अगदी शेवटी, बार टाकायच्या जागी उभं राहिल्यावर. चेहरा, हात आणि सोबती नळीच्या तोंडासमोर कधीच नकोत. भरताना तुमची वाकण्याची सवयसुद्धा मोडावी लागेल. डोळ्यांना चष्मा, कानांत बोळे, दोन्ही दर वेळी.

चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर नळी निशाणाकडेच धरून पूर्ण मिनिटभर थांबा. उशिरा पेटणारा बार हा खराच असतो. मग प्रायमर बदलून पुन्हा एकदा पाहा. दुसऱ्यांदाही गप्प राहिला तर प्रायमर काढा आणि पुढचं काम रेंजवरच्या जाणत्या माणसासमोर करा.

कोलंबसच्या उत्तरेला डेलावेअर वाइल्डलाइफ एरियात राज्याची रेंज आहे, परमिट घेऊन जाता येतं. पहिला दिवस २५ यार्डांवर ८० ग्रेनने. तीन बार टाकून त्यांचा मध्य पाहा, एका बारावर साइट हलवू नका. मग ५० यार्ड. इथे माप पाच-पाचने वाढवत ८०, ८५, ९० असं करून तीन-तीन बारांचे गट घ्या. एखाद्या मापावर गट एकदम आवळतो. तेच तुमच्या बंदुकीचं माप. बहुधा ते शंभराच्या खालीच सापडेल. त्यानंतर दारू, प्रायमर, सॅबो, गोळी यांतलं काहीही बदलायचं नाही. ५० यार्डांवर गोळी इंचभर वर लागू लागली की १०० ला ती जवळपास नेमावर येते. १५० ला ती बरीच पडते आणि २०० ला फुटाहून जास्त, म्हणून लांबचा मोह नको. शेवटची परीक्षा टेबलावरून नाही, बसून द्या: सहा इंचांच्या कागदी बशीत पाचपैकी पाच गोळ्या जिथपर्यंत राहतात, तेवढीच तुमची शिकारीची हद्द. ती ६० यार्ड निघाली तर ६०.

जानेवारीतल्या थंडीचा एक खास धोका आहे. बाहेर गारठलेली भरलेली बंदूक घरात आणली की नळीत दव धरतं, दारू ओलावते आणि सकाळी बार फुसका जातो. दुपारच्या जेवणाला आत गेलात तर प्रायमर काढून बंदूक बाहेरच्या थंड जागेत, कुलपात ठेवा. ओहायोत प्रायमर काढला की ठासणीची बंदूक रिकामी मानतात, पण घरात लहान मुलं असतील तर दिवसाअखेर बार रेंजवर नाहीतर सुरक्षित मातीच्या बांधावर वाजवून टाका. नळीच्या तोंडाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावला की बर्फ आत जात नाही. तो काढायची गरज नाही, गोळीपुढची हवाच त्याला उडवते.

हरिण आडवं उभं राहील तेव्हाच बार टाका, पुढच्या पायामागे, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात, फुप्फुसावर. धूर दाटतो आणि क्षणभर काहीच दिसत नाही. खाली वाकून धुराखालून पाहा, शेवटचं कुठल्या झाडापाशी दिसलं ते डोक्यात पक्कं करा. आधी बंदूक पुन्हा भरा, मग अर्धा तास थांबा. जखमी जनावरामागे लगेच धावलं तर ते मैलभर जातं आणि हातचं जातं, तडफडतही राहतं.

संध्याकाळी कितीही दमलात तरी धुणं उद्यावर टाकू नका. प्लग काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून, त्यात भिजवलेल्या चिंध्या पांढऱ्या निघेपर्यंत नळीतून फिरवा. मग साध्या पाण्याच्या दोन, नंतर कोरड्या तीनचार, शेवटी तेलाची एक. प्लगचं भोक तारेने मोकळं करा, प्लगच्या आट्यांना ग्रीस लावूनच परत बसवा. हेच ग्रीस लावायचं राहिलं की पुढच्या वर्षी प्लग निघत नाही आणि चांगली बंदूक भंगारात जाते. दोन दिवसांनी एक चिंधी पुन्हा फिरवा. तांबूस निघाली तर पुन्हा धुवा.

राहिला गावचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर एकच: नाही. अमेरिकेत 'अँटीक' म्हणून मोकळी असलेली हीच बंदूक भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. केपाची असो वा ठासणीची, परवान्याशिवाय ती घरात ठेवणं गुन्हा आहे. सामानातून नेलीत तर विमानतळावरच पकडले जाल. शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसाठी वन खात्याकडे रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्यांच्या लेखी हुकुमाशिवाय बार टाकता येत नाही. घरच्यांना नुकसानभरपाईचा अर्ज वेळेत करायला सांगा, पंचनाम्याआधी पीक आवरू नका म्हणावं. आजोबांची ती बंदूक अजून घरात असेल तर तिचा परवाना कुणाच्या नावावर आहे हे या सुट्टीत तपासा. परवानाधारक वारले असतील तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाच्या नावाने अर्ज करावा लागतो. आणि कोलंबसहून दुसऱ्या राज्यात शिकारीला विमानाने जायची वेळ आली, तर रिकामी बंदूक कुलपाच्या कडक पेटीत घालून, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानातून नेता येते. दारू आणि प्रायमर मात्र कुठल्याच सामानात चालत नाहीत, ते उतरल्यावर तिथेच विकत घ्या.